विद्यापीठात नगरनियोजन शिकवण्याचं पहिलं सत्र

डिसेंबर 2023 मध्ये पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या विभागप्रमुखांचा फोन आला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ‘नगरनियोजन आणि लोकसक्षमीकरण’ असा ऐच्छिक विषय सुरू करायचाय, अभ्यासक्रमाचा आराखडा तुम्ही कराल का आणि पुढे शिकवालही का, असं त्यांनी विचारलं. मी शिक्षणाने नियोजनकार, पण कामाची बहुतेक वर्षं वस्त्यांमध्ये गेलेली. कुठेतरी तासभर व्याख्यान देऊन येणं वेगळं आणि अख्खं सत्र अंगावर घेणं वेगळं. हो म्हटलं आणि शोधायला लागले की हा अनुभव मराठीत कुणी लिहून ठेवलाय का. अभ्यासक्रम मंजूर कसा होतो, मानधन कधी हातात पडतं, मुलांना वस्तीत न्यायचं तर कुणाला विचारायचं, यातलं काहीही सापडलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

पहिलं काम आराखड्याचं. नव्या शैक्षणिक धोरणात सगळं श्रेयांकांत (क्रेडिटमध्ये) मोजतात. वर्गातल्या एका श्रेयांकाला 15 तास, प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला 30 तास. या विषयाला चार श्रेयांक होते. मी दोन वर्गाचे आणि दोन क्षेत्रकार्याचे मागितले, म्हणजे 30 तास फळ्यासमोर आणि 60 तास वस्तीत. ही विभागणी पहिल्याच कागदावर आणा. एकदा चारही श्रेयांक वर्गाचे म्हणून मंजूर झाले की मुलांना बाहेर न्यायला वेळापत्रकात जागा मिळत नाही, दर वेळी कुणाचा तरी तास मागून घ्यावा लागतो.

फेब्रुवारी 2024 मध्ये अभ्यासक्रम तपासणाऱ्या अभ्यास मंडळाची बैठक झाली. ठरलेल्या नमुन्यात उद्दिष्टं, निष्पत्ती (म्हणजे शेवटी विद्यार्थ्याला काय यायला हवं), घटक, तासांची वाटणी, गुणदान आणि संदर्भ द्यायचे असतात. मी निष्पत्तीत लिहिलं होतं की विद्यार्थ्यांना लोकसक्षमीकरणाची जाण येईल. एका ज्येष्ठ सदस्यांनी चष्मा काढून विचारलं, “मॅडम, ही जाण आली की नाही हे परीक्षेत कसं कळणार?” प्रश्न रास्त होता. तिथेच बसून मी ते वाक्य काढलं आणि तीन साधी वाक्यं लिहिली: विद्यार्थी विकास आराखड्याचा (शहरातली कुठली जमीन कशासाठी ते ठरवणारा) नकाशा रहिवाशांना वाचून दाखवेल, माहिती अधिकाराचा अर्ज रहिवाशांसोबत लिहील, महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी सूचनेचा मसुदा तयार करेल. तिन्ही गोष्टी दिसणाऱ्या, तपासता येणाऱ्या. मंडळाने मान्यता दिली. पुढे सगळा विषय त्या तीन वाक्यांवरच उभा राहिला, आणि त्या सदस्यांची मी मनापासून ऋणी आहे.

मग विद्यापीठाच्या विद्या परिषदेच्या मान्यतेची वाट पाहायची. मान्यता मेअखेर आली. मधल्या काळात कुणी काही कळवत नाही. आपणच दर पंधरा दिवसांनी विभागातल्या लिपिकांना फोन करायचा, विषय कार्यसूचीत आला का एवढंच विचारायचं. त्यांना त्याचा राग येत नाही, उलट फाइल हलती राहते.

वाट पाहण्याचे ते महिने मी वाचनाला दिले. पहिल्या घटकाची सुरुवात मला प्लेगपासून करायची होती. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, 1898 मध्ये शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि आरोग्याच्या नावाखाली दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढायला सुरुवात झाली. आपल्याकडच्या आधुनिक नियोजनाची पहिली मोठी कृती घरं पाडण्याची होती, हे नियोजन शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात कळायला हवं असं माझं ठाम मत आहे. त्याच काळात त्याला विरोध करणारा विचारही इथेच मांडला गेला. स्कॉटिश नियोजनकार पॅट्रिक गेडिस 1914 मध्ये भारतात आले, गावोगाव पायी हिंडले, आणि सरसकट पाडापाडीऐवजी आधी नीट पाहणी करा, मग गरजेपुरतंच कापा, असं सांगत राहिले. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले प्राध्यापक तेच. म्हणजे विद्यापीठात बसून शहराचा विचार करण्याची परंपरा आपल्याकडे शंभर वर्षांची आहे. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की त्यांना बरं वाटतं, आपला विषय कुठून तरी उसना आणलेला नाही हे लक्षात येतं.

त्यापुढे 1915 चा मुंबईचा नगररचना कायदा, 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1971 चा झोपडपट्टी अधिनियम आणि शहरांच्या स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनेत स्थान देणारी 74 वी घटनादुरुस्ती. कायदे शक्यतो मराठीतून शिकवा. 1966 च्या अधिनियमाचा शासनाने काढलेला मराठी पाठ मिळतो. भाषा जड आहे, वाक्यं लांब आहेत, तरी तोच वापरा. कारण वस्तीत गेल्यावर कलम 26 (प्रारूप आराखडा प्रसिद्ध करणं) आणि कलम 28 (हरकती आणि सुनावणी) समजावून सांगायची वेळ येते तेव्हा इंग्रजी पाठ काही कामाचा नसतो.

जूनमध्ये नियुक्तीची प्रक्रिया सुरू झाली. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासागणिक मानधनाच्या, जागांची जाहिरात निघते, अर्ज करायचा, मुलाखत द्यायची. पदवी प्रमाणपत्रं, गुणपत्रिका, अनुभवाचे दाखले, आधार, पॅन, रद्द केलेला धनादेश आणि कुठे नोकरी असेल तर तिथलं ना हरकत पत्र लागतं. सगळ्याच्या साक्षांकित प्रती, तीन संच. माझा जुना अनुभवाचा दाखला ज्या संस्थेचा होता ती आता बंद झाली आहे. त्या काळातली वेतनपत्रं आणि आयकराची कागदपत्रं जोडली तेव्हा ते मान्य झालं. तुमच्याकडे असे जुने दाखले नसतील तर आत्ताच मिळवून ठेवा, जाहिरात निघाल्यावर आठवडाभरात ते होत नाही. दर तासाला हजार रुपये ठरला. क्षेत्रकार्याचे दोन तास एका तासिकेसारखे धरायचे असंही ठरलं. हे तोंडी होतं, मी ते लेखी मागून घेतलं आणि पुढे बिलाच्या वेळी त्या एका ओळीने वाचवलं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात वर्ग सुरू झाला. समाजकार्य आणि भूगोल विभागांचे मिळून बावीस विद्यार्थी. निम्मे मराठवाडा आणि सोलापूरकडून आलेले, वसतिगृहात राहणारे. पहिल्या तासाला मी प्रत्येकाला आपलं गाव किंवा गल्ली कागदावर काढायला सांगितलं. माजलगावच्या बाजूच्या एका मुलाने आधी विहीर काढली, मग तिच्याभोवती घरं. पुण्यातल्या एका मुलीने सोसायटीचं फाटक आणि पार्किंग काढलं, शेजारची वस्ती काढलीच नाही. आणखी एका मुलीने कागद कोरा ठेवला. तास संपल्यावर ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, मी वस्तीतच राहते. सगळ्यांसमोर काढायचं नव्हतं.” मी म्हटलं, नको काढूस, हरकत नाही. तेव्हापासून सत्रभर तिच्याकडे बघून मी कुठलाही मुद्दा मांडायच्या आधी थांबत होते. ‘ते लोक’ असं बोलायची आपल्याला किती सवय असते हे मला त्या वर्गात रोज जाणवलं. विद्यार्थ्यांनाही मी एवढंच सांगितलं की वस्तीबद्दल बोलताना वस्तीतलं माणूस समोर बसलंय असं धरून बोला.

दुसरा आठवडा सुरू झाला आणि 25 जुलैला पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. खडकवासल्यातून त्या सकाळी 35,000 क्युसेकच्या आसपास विसर्ग होता आणि धरणाखाली पाऊसही कोसळत होता. वर्गातली दोन मुलं त्याच भागात राहायला. त्या दिवशी प्लेगचा इतिहास बाजूला ठेवला. निळी पूररेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा, हे फळ्यावर काढलं आणि विकास आराखड्याच्या नकाशावर नदीकाठ शोधायला लावला. मग 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर, त्यानंतर पूरग्रस्तांसाठी उभं राहिलेलं गोखलेनगर. एका विद्यार्थ्याने विचारलं, निळ्या रेषेच्या आत इमारती आल्या कशा? या एका प्रश्नात रेषा कोण आखतं, ती कधी सरकते, बांधकाम परवानगी कुठल्या साली मिळाली, घर घेणाऱ्याला ती रेषा कुणी दाखवली का, असे तीन आठवड्यांचे तास निघाले. पावसाळी सत्रात नदी आणि पूर हा घटक पहिल्या महिन्यात ठेवावा, असं मी कुणालाही सांगेन. तेव्हा विद्यार्थी शहराकडे सावध नजरेने बघत असतात.

क्षेत्रकार्यासाठी वस्ती निवडताना मी एक गोष्ट पाळली: जिथे आपली आधीपासून ओळख आहे तिथेच मुलांना न्यायचं. पर्वतीच्या बाजूच्या एका वस्तीत माझं बरंच जाणं-येणं होतं. तिथलं नाव देत नाही, कारण त्या घरांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. विद्यापीठाचं पत्र, महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला दिलेली प्रत आणि त्यावरचा आवक शिक्का हे तिन्ही खिशात असू द्या. कुणी विचारलं तर दाखवता येतं. खरी परवानगी मात्र वस्तीची. त्यासाठी ऑगस्टच्या पहिल्या रविवारी समाजमंदिरात बैठक घेतली. भिशीच्या गटातल्या एक मावशी पुढे बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, “पोरी, दर दोन वर्षांनी कुणीतरी येतं, फारम भरून नेतं. मागं येऊन दाखवत न्हाई कुणी. तुम्ही काय देनार ते आधी सांगा.”

मी दोन गोष्टी कबूल केल्या. जे काही मोजू, काढू, लिहू त्याची एक प्रत वस्तीत राहील, आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना भरायच्या असतात त्याचे अर्ज मुदतीच्या आत तुमच्यासोबत बसून भरू. त्यांनी मान डोलावली. विद्यार्थ्यांनी हे सगळं ऐकलं, आणि मला वाटतं माझ्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा त्यांना तेच जास्त लक्षात राहिलं.

त्या अर्जांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पुण्यात राहणाऱ्या पुष्कळांना ही सोय माहीत नाही. 2006 पासून पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्षेत्रीय कार्यालयात अर्ज घेतात, ऑनलाइनही भरता येतो. एका कामाची मर्यादा पाच लाख रुपये. पदपथ, दिवे, गटारावरची झाकणं, बसथांबा, शौचालयाची दुरुस्ती अशी स्थानिक कामं सुचवता येतात. कामाची जागा नेमकी लिहावी लागते, ‘वस्तीतील दिवे’ असं लिहिलेला अर्ज बाजूला पडतो. आमच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. मार्च 2022 पासून पालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासकांचा कारभार चालू होता. एरवी वस्तीतली माणसं नगरसेवकाकडे जातात, तो चिठ्ठी देतो, काम पुढे सरकतं. ती वाट बंद असताना लेखी अर्जाचं वजन वाढलं होतं आणि लोकांनाही ते समजत होतं.

नेमकी जागा लिहायची म्हणजे नकाशा हवा. चार-चार जणांचे गट केले आणि गल्ल्या वाटून दिल्या. उपग्रहाच्या चित्रावर पत्रे दिसतात, बोळ दिसत नाहीत. म्हणून पावलं मोजून, मोजपट्टी लावून कागदावरच काढलं आणि मग मोबाइलवरच्या नोंदींशी जुळवलं. कच्चा नकाशा भिंतीला लावला तेव्हा ती कागद कोरा ठेवणारी विद्यार्थिनी पुढे आली आणि तिने एका रेघेवर बोट ठेवलं. “हे गटार म्हणून दाखवलंय. गटार आहे, पण वरून फरशी टाकलीय आणि बायका रात्री याच वाटेने शौचालयाला जातात. मोठ्या रस्त्याला गुत्त्याबाहेर माणसं बसलेली असतात.” ही वाट तिच्या वस्तीतली नव्हती, पण तिला ती ओळखू आली. मग त्या रेषेवर अंधार किती आहे हे बघायला मुली बायकांसोबत संध्याकाळी चालत गेल्या. दिवा कुठे हवा हे तिथे उभं राहूनच कळलं.

कुठली कामं सुचवायची यावर बैठक झाली. बायकांना शौचालयाला आतून कड्या, दिवे आणि पाणी हवं होतं. तरुणांना व्यायामशाळा. दोन म्हाताऱ्यांना मारुतीच्या देवळासमोर बाकडी. आवाज चढले. विद्यार्थी गांगरून माझ्याकडे बघायला लागले, मी मध्ये पडावं असं त्यांना वाटत होतं. मी पडले नाही. तासाभराने त्या मावशींनीच तोडगा काढला: व्यायामशाळा पुढच्या वर्षी, पण दिव्याचे खांब मुलं जिथे बसतात त्या चौकातून जातील असे लावून घ्यायचे. अखेर चार अर्ज ठरले. नंतर वर्गात शेरी अर्नस्टीनने 1969 मध्ये मांडलेली सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी शिकवली, जिच्या तळाला लोकांना नुसतं झुलवणं आहे आणि माथ्यावर लोकांचं नियंत्रण. ती बैठक कुठल्या पायरीवर बसते यावर वर्ग असा भांडला की पुढच्या तासाचे सर दारात उभे राहिले. अर्नस्टीन आधी शिकवली असती तर एवढं झालं नसतं. सिद्धान्त क्षेत्रकार्याच्या मागून येऊ द्यावा असं मला वाटतं, निदान या विषयात.

अर्ज मुदतीत गेले. जाताना दोन प्रती न्या, दुसरीवर पोच घ्या, पोचेवर तारीख आणि शिक्का स्पष्ट उमटलाय का ते खिडकीसमोरच बघा.

7 सप्टेंबरला गणपती बसले आणि दहा दिवस वस्तीत काम होणार नाही हे उघड होतं. पण मंडळाच्या मुलांनी मांडवाच्या एका बाजूला नकाशा लावायला जागा दिली. रंगीत ए-झिरो आकाराच्या प्रिंटला तेव्हा दोनशेच्या आसपास खर्च आला, वरून प्लास्टिक चढवलं तर आणखी थोडा. आरतीला येणारी माणसं नकाशासमोर थांबायची, आपलं घर शोधायची, चुकलेली नावं पेनने दुरुस्त करायची. त्या दहा दिवसांत नकाशात जेवढ्या दुरुस्त्या झाल्या तेवढ्या महिनाभरात झाल्या नव्हत्या.

त्याच्याच शेजारी आम्ही विकास आराखड्याचं त्या भागाचं पान लावलं होतं. पिवळा रंग निवासी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, हिरवा उद्यान आणि मोकळ्या जागांचा, असं खाली मराठीत लिहिलं. वस्तीचा एक भाग हिरव्या रंगात होता. चाळीस वर्षं जिथे घरं आहेत तिथे कागदावर उद्यानाचं आरक्षण. हे आधी कुणी त्यांना दाखवलं नव्हतं. एक काका बराच वेळ तिथे उभे राहिले आणि मग विचारलं, “म्हणजे आमी हितं न्हाईच का?” विद्यार्थ्याला काय बोलावं सुचेना. मी त्यांना जे खरं आहे ते सांगितलं: आरक्षण म्हणजे उद्या पाडणार असं नाही, वस्ती घोषित (कायद्याखाली जाहीर केलेली) झोपडपट्टी असेल आणि फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) असेल तर कायद्याचं संरक्षण आहे, पण या नकाशाची पुढची फेरी येईल तेव्हा हरकत नोंदवायलाच हवी. असे नकाशे लोकांसमोर नेताना एक काळजी घ्या. आरक्षण, झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजना, घोषित-अघोषित याबद्दलचे प्रश्न येणारच. उत्तरं नक्की माहीत असतील तेवढीच द्या आणि बाकीच्यांसाठी वकील किंवा जाणकार कार्यकर्ते सोबत ठेवा. घराच्या बाबतीत अर्धवट माहितीने माणसं रात्ररात्र जागतात.

हरकतीची प्रक्रिया वर्गात आम्ही प्रत्यक्ष खेळून पाहिली. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की ठरावीक मुदतीत हरकती-सूचना घेतात आणि कलम 28 खाली नियोजन समिती सुनावणी घेते, स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे चार तज्ज्ञ. सात विद्यार्थी समिती झाले, बाकीचे हरकतदार, प्रत्येकाला तीन मिनिटं. तिसऱ्या-चौथ्या हरकतीनंतर समितीतल्या मुलांचं लक्ष उडायला लागलं, हे त्यांनीच नंतर प्रामाणिकपणे सांगितलं. मग मी पुण्याचा आकडा दिला. 2013 मध्ये जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा सुमारे 87,000 हरकती आल्या होत्या. 2015 मध्ये राज्य सरकारने तो आराखडा पालिकेच्या हातून काढून घेतला आणि जानेवारी 2017 मध्ये मंजूर केला. मुंबईचं उदाहरण त्याला जोडून शिकवावं. फेब्रुवारी 2015 च्या प्रारूपातल्या चुका नागरिकांनी, संस्थांनी एकेक करून दाखवल्या, एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मागे घ्यायला लावला आणि सुधारित आराखडा 2018 मध्ये मंजूर झाला. वॉर्डावॉर्डांत नकाशे समजून घेणारे गट त्याआधीपासून काम करत होते म्हणून ते घडलं. हरकत एकट्याने लिहिणं आणि नकाशा कळलेल्या गटाने लिहिणं यात किती फरक पडतो ते या दोन शहरांवरून मुलांना समजलं.

येरवड्याचाही एक तास झाला. तिथे केंद्राच्या जवाहरलाल नेहरू शहर नूतनीकरण योजनेत लोकांना न हलवता, आहे त्याच जागी घरं बांधली गेली. साधारण 270 चौरस फुटांचं घर, खर्चाचा सुमारे दहावा हिस्सा कुटुंबाचा, आणि महिला मिलन या वस्त्यांमधल्या महिलांच्या संघटनेच्या बायका घरोघरी बसून आराखड्यावर चर्चा करणाऱ्या. चार मजली इमारतीत मागच्या पिढीचे शेजारी तुटतात, इथे बरेचसे टिकले. पण सगळ्याच घरांना हे लागू झालं नाही, पक्कं घर असलेले वगळले गेले, हेही सांगायला हवं. यशोगाथा म्हणून शिकवलं तर विद्यार्थी प्रश्न विचारायचे थांबतात.

सप्टेंबरमध्येच माहिती अधिकाराचा अर्ज टाकला होता: गेल्या पाच वर्षांत या वस्तीच्या नावावर किती आणि कशावर खर्च झाला. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा, म्हणून पहिला मसुदा मुलांना तीनदा कापावा लागला. दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला शुल्क नाही, त्यामुळे अर्ज वस्तीतल्या एका ताईंच्या नावाने गेला. तीस दिवसांनी अर्धंच उत्तर आलं. त्याहून उपयोगी पडली ती महापालिकेत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अर्ज न करता फाइल बघता येण्याची सोय. प्रतींना पानामागे दोन रुपये. एका कामाचं मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) ताईंनी स्वतः उघडून पाहिलं आणि त्यात लिहिलेली फरशी आपल्या गल्लीत कुठे आहे ते मुलांना विचारलं. ती फरशी सापडली नाही. त्यावर पहिलं अपील केलं, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो आणि ते उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत करावं लागतं.

15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. क्षेत्रीय कार्यालयातल्या अभियंत्यांसोबत ठरलेली बैठक पुढे गेली, कर्मचारी निवडणुकीच्या कामाला लागले. मग दिवाळी, मग 20 नोव्हेंबरचं मतदान. निवडणुकीच्या वर्षात विषय चालवायचा असेल तर सरकारी भेटी सप्टेंबरपर्यंत उरकून घ्या. तो महिना आम्ही वह्या आणि अहवालांना दिला. अंतर्गत 50 गुणांपैकी 20 क्षेत्रवहीला होते. वहीत काय पाहिलं याबरोबर त्या दिवशी आपलं कुठलं मत बदललं, हे लिहायचं होतं. काही वह्या वाचताना मला अक्षरशः थांबावं लागलं. सोसायटीचं फाटक काढणाऱ्या मुलीने शेजारच्या वस्तीतल्या कचरावेचक ताईंबरोबर एक पहाट घालवली होती आणि कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचं ओळखपत्र गळ्यात आल्यावर पोलीस त्यांच्याशी वेगळं कसं बोलतात ते तिने पानभर लिहिलं होतं.

अंतिम सादरीकरण विभागात न घेता वस्तीच्या समाजमंदिरात घेतलं. बाह्य परीक्षक तिथे येतील का ही शंका होती, त्यांना आधी पत्र आणि रिक्षाच्या भाड्याची सोय कळवली, ते आनंदाने आले. मुलांना मराठीतच बोलायचं होतं आणि कुठलाही शब्द मावशींनी विचारला तर समजावून सांगायचा होता. सत्राच्या शेवटच्या परीक्षेसाठी प्रश्नपत्रिकेचे तीन संच उत्तरसूचीसह बंद पाकिटात द्यावे लागतात. त्याला दोन पूर्ण दिवस धरून ठेवा, पहिल्यांदा काढताना गुणांची बेरीज जुळवण्यातच वेळ जातो.

खर्चाचं सांगते. विभागाने पाच हजारांची तरतूद केली होती, पण आधी खर्च करायचा आणि मग बिलं द्यायची. प्रिंट, झेरॉक्स, चहा, मोजपट्ट्या यात ते संपले. चहाच्या टपरीवर बिल मिळत नाही, त्यासाठी साध्या कागदावर पावती आणि विभागप्रमुखांची सही चालते हे मला उशिरा कळलं. माझं मानधन मार्चअखेर खात्यात आलं. नियुक्तिपत्राची तारीख पहिल्या तासिकेच्या नंतरची असल्याने बिल एकदा परत आलं, मग विभागाच्या पत्राने मार्गी लागलं. दहा टक्के कर कापला होता, विवरणपत्र भरताना तो हिशेबात धरता येतो. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांनी चार-पाच महिने या पैशांवर अवलंबून राहू नये, हे मला काळजीने सांगावंसं वाटतं. राज्यभर हजारो तरुण प्राध्यापक याच मानधनावर घर चालवतात आणि त्यांच्यावर हा उशीर लादणं अन्यायाचं आहे.

4 मार्च 2025 ला आयुक्तांनी महापालिकेचं 12,618 कोटींचं अंदाजपत्रक मांडलं. नागरिकांच्या सूचनांच्या यादीत आमच्या चारपैकी दोन होत्या: त्या वाटेवरचे दिवे आणि गटारावरची झाकणं. शौचालयाची दुरुस्ती दुसऱ्या खात्याकडे मागा असा शेरा मिळाला. विद्यार्थ्यांची परीक्षा होऊन तीन महिने झाले होते, पण यादी मिळाल्यावर त्यांच्या गटावर फोटो टाकला आणि रात्री उशिरापर्यंत उत्तरं येत राहिली. विद्यापीठाचं सत्र नोव्हेंबरमध्ये संपतं आणि पालिकेचं वर्ष मार्चमध्ये. वस्तीतल्या माणसांना दुसरंच वर्ष महत्त्वाचं असतं. म्हणून पुढच्या वर्षीच्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यात मी दोन बदल मागितले आणि ते मंजूर झाले. क्षेत्रकार्य पहिल्या आठवड्यापासून सुरू, म्हणजे अर्जांची मुदत यायच्या आत नकाशा तयार असेल. आणि ज्यांना हवं त्यांना पुढच्या सत्रातल्या संशोधन प्रकल्पासाठी त्याच वस्तीत राहता येईल, म्हणजे मार्चची यादी बघायला कुणीतरी तिथे असेल.

2025 च्या जूनमध्ये पुन्हा जाहिरात, पुन्हा तीन संच साक्षांकित प्रती, पुन्हा मुलाखत. या वर्गाला नदीकाठची दुसरी वस्ती घेतली. पर्वतीच्या वस्तीतल्या बायकांनी त्या वर्षीचे अर्ज आपले आपण भरले, त्यात या खेपेला व्यायामशाळाही होती. पोच घेतलेली प्रत मावशींनी मला फोनवर पाठवली आणि शिक्का नीट दिसतोय का, एवढंच विचारलं. दिसत होता.